रडणारं बाळ आणि मिस्सा

ताई, लेख छान आहे पण त्यात लिहिलंय की मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना चालू असताना बाळ रडायला लागलं की आईनं त्याला घेऊन चर्चच्या बाहेर उभं राहावं, हे अजिबात नाही पटलं. मीपण दोन लेकरांची आई, नाशिकरोडला राहते. आई बाहेर गेली की तिची मिस्सा तिथंच संपते, ना वाचन ऐकू येत ना प्रवचन. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१४ ला व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपेलमध्ये बाळांच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आयांना सरळ सांगितलं होतं की बाळाला भूक लागली असेल तर इथंच पाजा, मग आपण कोण बाहेर काढणारे!

घरी रोझरीचंपण, म्हणजे मण्यांच्या माळेवरच्या प्रार्थनेचंपण तसंच, धाकटा मांडीवर, मोठी मुलगी माळेचे मणी ओढतेय, कुकर चालू, अशात पाचही रहस्यं (रोझरीचे पाच भाग) होत नाहीत म्हणून आम्ही एकच घेतो, १० वेळा नमो मरिया ही प्रार्थना आणि मग जेवण. सासूबाईंना आधी चालायचं नाही, आता त्याच मोठीला प्रत्येक मण्याला एकेकाचं नाव घेऊन त्यांच्यासाठी प्रार्थना करायला शिकवतात, शेजारच्या आजारी काकू, शाळेचे रिक्षावाले काका.

फेब्रुवारीत इथं नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला सगळ्या धर्माची माणसं लेकरं कडेवर घेऊन येतात, त्यांना कोणी बाहेर थांबा म्हणतं का? मग रविवारी आम्हालापण आत बसू द्या, आणि बाळ रडलं तर प्लीज मागे वळून बघू नका.