ओपीडीतला हात आणि घरातला हात

नमस्कार दादा, कमेंट जरा झोंबली, पण मुद्दा चांगलाय म्हणून सविस्तर लिहितेय. तुमचं म्हणणं, बाबांच्या पॅरालिसिसनंतर ग्रिपचा (मुठीच्या ताकदीचा) आकडा वाढला, एआरएटी या हाताच्या कामांच्या टेस्टमध्ये ५७ पैकी ५० आले, मग "गेल्या आठवड्यात फ्रिज कुठल्या हाताने उघडला" असले, हात घरी किती वापरला याचे आम्ही थेरपिस्ट विचारतो ते तीस प्रश्न म्हणजे टाइमपास, त्यापेक्षा मनगटावर स्मार्टवॉच बांधा.

५० मस्तच. पण त्या टेस्टमध्ये ठोकळे नि गोट्या उचलायच्या असतात आणि समोर आम्ही "हं काका, उजवा हात" म्हणत बसलेलो असतो, घरी कोण म्हणणारंय? सुरुवातीला कमजोर झालेला उजवा हात उठत नाही, उठला तर कप पडतो, डाव्याने काम पटकन उरकतं, मग तेच अंगवळणी पडतं आणि पुढे ताकद आली तरी उजवा आपला मांडीवरच. एडवर्ड टॉब या संशोधकांना हे आधी माकडांमध्ये दिसलं होतं, त्यावरूनच चांगल्या हाताला मिट (जाड हातमोजा) घालून दुसऱ्याला कामाला लावायची थेरपी आली. याच थेरपीच्या २००६ च्या एक्साइट ट्रायलमध्ये २२२ पेशंट होते, तिथेही घड्याळ लावून घेतलेली हाताच्या कामांची वुल्फ टेस्ट होती आणि हे प्रश्नही होते, दोन्ही.

स्मार्टवॉचचं म्हणाल तर एका हातावर बांधून भागत नाही, दोन्ही मनगटांची तुलना लागते. त्यात चालताना हलणारा हातही मोजला जातो, रिक्षाचे धक्केपण (आपल्या रस्त्यांवर तर विचारूच नका!). आणि हात हलला एवढंच कळतं, त्याने शर्टाचं बटण लावलं का ते नाही.

पेशंट वाढवून सांगतात, विसरतात, हे अगदी मान्य. म्हणूनच नुसतं हो-नाही घेत नाही, किती वेळा आणि किती नीट याला ० ते ५ असे वेगवेगळे मार्क असतात, शून्य आला की का ते विचारायचं. एका काकांना नळाचं विचारलं तर म्हणाले "करतो की", काकू शेजारून म्हणाल्या "कधी? तांब्या भरून मीच देते!" आता यात हाताचा व्यायाम वाढवून काय होणार, काकूंनाच थांबवायला हवं ना.

तुम्ही एक करा, बाबांना न सांगता दोन दिवस बघा, टीव्हीचा रिमोट, चपातीचा तुकडा, बाथरूमची कडी, कुठला हात पुढे येतो. मग इथेच लिहा, ग्रिपच्या आकड्यावर तेव्हा बोलू.