‘अप’ला नियम नाही, असं सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा रात्री भाचीचा फोन आला. नववीत आहे, मराठी माध्यमात. “मावशी, मी फ्रेजल व्हर्बचा अभ्यास सोडून दिलाय. त्यांना नियमच नसतात ना?” फ्रेजल व्हर्ब म्हणजे ‘वेक अप’सारखी, क्रियापदाला छोटा शब्द जोडून होणारी इंग्रजी क्रियापदं. हे कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर घरच्या ग्रुपवर आलेला मेसेज. काकांनी टाकला, आजोबांनी त्यावर अंगठा दिला, आणि चाचणी चार दिवसांवर असताना पोरीने वही मिटून ठेवली.

हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. मूळ इंग्रजी, कुणीतरी मराठीत आणताना त्याला शेपूट जोडलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ ‘अप’ या शब्दाला आहेत. शब्दकोशात त्याने पाव पान अडवलंय, अर्थ तीसेक. ‘वर’ हा अर्थ समजू शकतो, पण झोपेतून उठताना ‘वेक अप’ कशाला? बैठकीत विषय ‘कम अप’ का होतो? मोरी तुंबली की ‘स्टॉप्ड अप’ आणि मोकळी करायची तरी ‘ओपन अप’? म्हणजे ही भाषाच वेडी, तिला ना नियम ना तर्क. आणि शेपूट असं की आपल्या संस्कृत-मराठीत एका शब्दाला एकच नेमका अर्थ असतो, म्हणूनच नासाने संगणकासाठी संस्कृत निवडली.

सगळ्यात जास्त अर्थांचं आधी उरकते. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ची होती. पुढे नव्याने संपादन करताना ‘रन’ या एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. ‘अप’चा पहिला नंबर कुठून आला ते मेसेज लिहिणाऱ्यालाच ठाऊक. टेबलावरच्या कोशात पाव पान आणि तीसेक अर्थ, हे मात्र खरं असू शकतं. बरं, मग?

‘वर’ हा अर्थ तरी सरळ आहे, हेही खरं नाही. आपल्या रेल्वेत मुंबईकडे येणारी गाडी ‘अप’ आणि मुंबईपासून दूर जाणारी ‘डाउन’. मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी कर्जतच्या पुढे अख्खा बोरघाट चढते, तरी ती डाउनच. इथे चढ-उताराचा संबंध नाही, मुख्य ठाणं कुठलं याचा आहे. रोज लोकलने जाणाऱ्याला हे कळतं, त्यासाठी त्याला कुणी वेडं म्हणत नाही.

आता खरा मुद्दा, ज्याने पोरीचं नुकसान केलं: नियम नाहीत.

त्याच रात्री मी तिला मेसेजमधली सगळी उदाहरणं वहीत उतरवायला लावली आणि पानावर रकाने आखायला सांगितले. पहिलं वाक्य दिलं ‘ड्रिंक युवर मिल्क’, दुसरं ‘ड्रिंक अप युवर मिल्क’. म्हटलं, आई तुला दोन्ही वेळा काय म्हणेल? ती म्हणाली, “पहिल्यात दूध पी. दुसऱ्यात दूध पिऊन टाक.” झालं! ‘टाक’ म्हणजे फेक, पण इथे कुणी काही फेकत नाही. काम पुरतं संपव, एवढंच ते सांगतं. ‘अप’ही तेच सांगतो. मग तिनेच पुढे लावत नेलं. ‘राइट अप’ म्हणजे लिहून काढ, ‘यूज अप’ म्हणजे वापरून टाक, ‘ड्राय अप’ म्हणजे वाळून जाणं. आणि ती मोरी? मोरी तुंबून गेली, मोकळी करून टाक. तुंबून ‘गेली’ म्हणजे कुठे गेली, असं आपण विचारत नाही. तुंबणं पुरतं झालं, मोकळी करणंही पुरतं व्हायला हवं. दोन्हीकडे ‘अप’चं काम एकच. हा झाला पहिला रकाना, काम पुरतं होण्याचा. मेसेजमध्ये जो सगळ्यात मोठा वेडेपणा म्हणून दाखवलाय, तोच नियमाचा सगळ्यात स्वच्छ पुरावा आहे. आपल्या मराठीत याला संयुक्त क्रियापद म्हणतात आणि ते शाळेत शिकवतात.

दुसरा रकाना वाढण्याचा: ‘स्पीड अप’, ‘हीट अप’, ‘टर्न अप द व्हॉल्यूम’. आपला ताप चढतो, भाव चढतात, आवाजही चढतो. तिसरा, एखादी गोष्ट समोर येण्याचा: ‘कम अप’, ‘शो अप’, ‘पॉप अप’. बैठकीत विषय ‘कम अप’ का होतो म्हणे! मराठीत प्रश्न उद्भवतो. त्यातला ‘उद्’ म्हणजे वर.

आणि ‘वेक अप’? आपण सकाळी ‘उठ’ म्हणतो. उठणे आलं ‘उत्’ आणि ‘स्था’वरून, वर आणि उभं राहणं. इंग्रजी ‘स्टँड’ आणि संस्कृत ‘स्था’ एकाच मुळाचे. म्हणजे ‘स्टँड अप’ जसा रचलाय तसाच आपला ‘उठ’ रचलाय, फक्त तुकड्यांचा क्रम उलटा. ज्याला वेडेपणा म्हणताय तो आपण जन्मापासून बोलतोय.

फ्रेजल व्हर्ब सोपे आहेत असं मी म्हणत नाही. ‘मेक अप’ म्हणजे रंगरंगोटी, भांडण मिटवणं आणि मनाने काहीतरी रचून सांगणंही; हे अंदाजाने ओळखता येत नाही. ‘लुक इट अप’ चालतं, ‘लुक अप इट’ चालत नाही, हेही शिकावंच लागतं. पण अवघड असणं वेगळं आणि नियमच नसणं वेगळं. नियमच नाही म्हटलं की मूल प्रयत्न सोडतं. आमच्या घरात तेच झालं.

शेपटाकडे येते. मराठीत एका शब्दाला एक अर्थ? एसटी स्टँडवर जाऊन ऐका. “बस लागली” म्हणजे फलाटाला येऊन उभी राहिली. “मला बस लागते” म्हणजे पिशवी हाताशी ठेवा. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, नोकरी लागते, फोन लागतो, भाजी खारट लागते, तो माझा मामा लागतो, आणि जावं लागतं. परदेशी माणसाने याची यादी केली तर तीही फॉरवर्ड होईल.

संस्कृतचं नाव घेताना तर अमरकोश, म्हणजे संस्कृतचा जुना शब्दकोश, तरी उघडायचा होता. त्यात अनेकार्थी शब्दांसाठी वेगळा नानार्थवर्ग आहे. एकट्या ‘हरि’चे अर्थ यम, वारा, इंद्र, चंद्र, सूर्य, विष्णू, सिंह, किरण, घोडा, पोपट, साप, माकड, बेडूक. आणि ‘अप’सारखा छोटा तुकडा क्रियापदाचा अर्थ कुठल्या कुठे नेतो, याचं नवल संस्कृतच्या विद्यार्थ्याला वाटूच नये. त्याला श्लोक पाठ असतो: ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते । प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥’ उपसर्ग धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे ओढून नेतो. धातू एकच, ‘हृ’. त्यातून प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. आपल्या व्याकरणाने याला वेडेपणा म्हटलं नाही, त्याचं शास्त्र केलं. इंग्रजीत तो तुकडा पुढे न लागता मागून येतो, इतकाच फरक.

नासाचं म्हणाल तर १९८५ साली रिक ब्रिग्ज या संशोधकाने एका नियतकालिकात लेख लिहिला. तो नासाशी संबंधित संस्थेत होता, हे खरं. त्याने लिहिलं ते संस्कृत वैयाकरणांच्या वाक्य उलगडण्याच्या पद्धतीबद्दल, आणि ते वाचण्यासारखं आहे. नासाने संस्कृत निवडली, असं त्यात नाही.

भाचीच्या वहीत रकान्यांत न बसलेले नऊ उरले. तेवढे तिने पाठ केले. पानाचा फोटो तिने काकांच्या त्याच मेसेजखाली टाकलाय. आजोबांनी त्यावरही अंगठा दिला.