पुन्हा मेली? मरू दे की!

आमच्या सोलापूरच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या भुतांवरून भांडण पेटलंय. २०२४ साली 'स्त्री २'नं बक्कळ गल्ला जमवला आणि तेव्हापासून जो तो हॉरर-कॉमेडी काढत सुटलाय, वर त्यांचे दुसरे-तिसरे भाग, ही थोरल्या दादाची तक्रार. "भीती घालायची तर धड घाला, नाहीतर सरळ हसवा. ही कसली खिचडी बे?" मी इकडून, स्टुटगार्टमधून, मध्ये तोंड घातलं आणि २०१९च्या 'हॅपी डेथ डे टू यू' या हॉलिवूडच्या हॉरर-कॉमेडीच्या दुसऱ्या भागाचं कौतुक केलं. झालं, सगळे माझ्यावरच घसरले.

२०१७च्या पहिल्या भागात ट्री नावाच्या कॉलेजकन्येचा वाढदिवसाच्या रात्री खून होतो. खुनी बाळाच्या तोंडाचा मुखवटा घालतो. ती मरते आणि त्याच सकाळी पुन्हा जागी होते, खुनी सापडेपर्यंत. असं का होतं, ते तिथं सांगितलेलं नाही. दुसऱ्या भागात सांगितलंय: कॉलेजातल्या पोरांनी बनवलेलं सिसिफस नावाचं यंत्र. "कारण सांगितलं की मजा गेली," इति दादा. यात तथ्य आहे. यंत्राचं ते शास्त्र म्हणजे शुद्ध थापा. पण त्याच यंत्रामुळे ट्री दुसऱ्याच जगात जाऊन पडते आणि सिनेमा खुनाचा पिच्छा सोडून भलतीकडेच पळतो. दुसरा भाग काढायचा तर असा काढावा.

यंत्र दुरुस्त करायला रोज नवी समीकरणं मांडायची. दिवस उलटला की वह्या कोऱ्या, पोरांच्या डोक्यातलंही सगळं पुसलेलं. लक्षात राहतं ते फक्त ट्रीच्या. म्हणून शास्त्राशी काडीचा संबंध नसलेल्या या मुलीला घोकंपट्टी करावी लागते आणि दिवस उलटवायला स्वतःच मरावं लागतं. कधी विमानातून पॅराशूटशिवाय उडी, कधी लाकडाचा भुगा करणाऱ्या यंत्रात. ट्री झालेल्या जेसिका रोथच्या चेहऱ्यावर तेव्हा भीती नसते, निव्वळ वैताग असतो. त्या वैतागावर मी पोट धरून हसलो.

खिचडी म्हणणाऱ्या दादाला मी एकच विचारलं: संक्रांतीला होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेतल्या मोठ्या पाळण्यात बसून तू किंचाळायचास की हसायचास? दोन्ही एकदमच की! तिथं कधी पैसे परत मागितले नाहीस.

इथं असले वाद होत नाहीत. इंग्रजी सिनेमे बहुतेक जर्मन आवाजात डब होऊन लागतात, लोक गपगार बघतात, बाहेर पडताना "छान होता" म्हणतात आणि ट्राम पकडतात. कुणी मध्ये बोललं नाही म्हणून सिनेमा नीट ऐकू येतो, हे खरं. पण सोलापूरच्या भागवत टॉकीजला मागच्या रांगेतून "मागं बघ बे, मागं!" अशी हिरोइनीला ताकीद मिळायची, ती अशा सिनेमाला हवीच. ट्रीला तर जास्तच. ऐकलं असतं तर दोन-चार मरणं वाचली असती.

दादाचा शेवटचा मुद्दा मात्र मला लागला. त्या दुसऱ्या जगात ट्रीची मेलेली आई जिवंत आहे. फक्त तिचा प्रियकर कार्टर तिथं दुसरीचा आहे. शेवटी ती आपल्या जगात परतते. दादा म्हणाला, "पोरासाठी आईला सोडून आली? काय पोरगी आहे!" मला तसं वाटत नाही. त्या आईनं वाढवलेली ट्री वेगळी. तिथल्या आठवणी हिच्या नाहीतच. मी सोलापूरला गेलो की आई गल्लीतल्या गप्पा सांगते. कुणाचं लग्न मोडलं, कुणी घर विकलं. त्यातली निम्मी माणसं मला माहीत नसतात, तरी मी हूं हूं करतो. ट्री त्या घरात बसून तेच करतेय असं वाटलं. हे दादाला लिहिलं नाही. ग्रुपवर आईही आहे.

मग त्यानं आकडे टाकले. पहिल्या भागानं जगभरात साडेबारा कोटी डॉलर मिळवले, दुसऱ्यानं जेमतेम निम्मे. तिसरा आलेलाच नाही. "बघ, पब्लिकनंच निकाल लावला." अरे, पण दुसऱ्याचा खर्चच मुळात ९० लाख डॉलर होता! एवढ्यात तर बुडाला म्हणता येत नाही. मला तिसरा हवाय, आणि त्यात यंत्र कसं चालतं हे कुणी समजावलं नाही तरी चालेल.