टीडीएसवाले भाऊ, जरा थांबा

आज दुपारी घरी पाणी शुद्ध करायचं आरओ मशीन विकणारा आला होता. मी खाली आलो तर आई भेदरलेली. ओट्यावर दोन ग्लास, एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं. दोन्हींत सळया घालून वीज सोडलेली. नळाच्या ग्लासात हिरवट-तपकिरी गाळ, त्याचं पाणी नितळ. "आंटी, हे तुम्ही पिताय!" आई म्हणे, "मंग इतके वरीस आपुन काय जहर पेत होतो?"

डोकंच फिरलं. अरे, तो गाळ पाण्यातला नाही, तुझ्या लोखंडी सळईचा आहे! नळाच्या पाण्यात क्षार असतात, वीज वाहते, सळई झिजते. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच. मी त्याच्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं अन् म्हटलं, आता लाव. त्याचं 'शुद्ध' पाणीही तसंच गढूळलं. भाऊ मुकाट्यानं वायर गुंडाळायला लागला.

पण जाता जाता मीटर काढलाच. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ३८०. "बघा सर, किती जास्त!" भारतीय मानकात ५०० पर्यंत चालतं रे, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. आणि तो मीटर क्षार मोजतो, जंतू नाही. गटार मिसळलेल्या पाण्यालाही तो झकास आकडा देईल.

हां, बोअरचं पाणी जड असेल, डाळ शिजत नसेल, तपासणीत नायट्रेट-फ्लोराइड जास्त निघालं असेल, तर आरओ घ्या. मान्य.

त्या पोरावर आता तेवढा राग नाही. टार्गेट असेल बिचाऱ्याला. एवढं घाबरवूनही आईनं त्याला चहा पाजला. पण तिची भीती कुठून आली? आमच्याकडे नळ रोज येत नाही. मधल्या काळात लाइन रिकामी, आणि रिकामा फुटका पाइप गटारातलं पाणी आत ओढतो. हतनूर धरणात तापी-पूर्णेचा कितीही गाळ येवो, तुरटीनं तो बसतो, फिल्टर प्लांटवर क्लोरीनही पडतो. पण माझ्या नळापर्यंत त्यातला क्लोरीन उरतो किती? लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीनचे, थेंब टाकले की पिवळा रंग येतो, मिनिटाचं काम. आमच्या गल्लीत हे करायला कुणी आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. नळपट्टीचं बिल मात्र चुकत नाही! आणि आपणही कमाल. पाणी आलं नाही की हंडे घेऊन मोर्चा, कसलं आलं हे विचारायला कुणी नाही.

शंका असेल त्यांनी भूजल सर्वेक्षणच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना द्या. जंतूंच्या तपासणीला निर्जंतुक बाटलीच लागते, कोल्ड्रिंकची धुतलेली चालत नाही. तोवर उकळून प्या. मी या आठवड्यात नगरसेवकाकडे जाऊन नळापाशी ओटी तपासणी मागणार आहे. वॉर्डातलं कोण कोण येतंय, खाली लिहा.