पेरू का दादा?

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज दुकानात गिऱ्हाईक नाही म्हणून बसलोय. थोडं लांबणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

गोष्ट 2025 च्या मे महिन्यातली. आठवतंय ना, मान्सून 24 मे ला केरळात, 25 ला महाराष्ट्रात आणि 26 ला मुंबईत. एरवी मुंबईला यायला 11 जून उजाडतो. आमच्याकडं अहमदपूर तालुक्यात तर त्याच्याही आधीपासून अवकाळीनं झोडपायला सुरुवात केलेली, आंब्यांचा सडा, कडबा भिजलेला, लग्नाचे मांडव उडालेले. मे महिन्यात वढ्याला पाणी बघितल्यावर माणसाचं डोकं जाग्यावर राहत नाही हो. कृषी खातं ओरडून सांगत होतं की पेरणीची घाई करू नका, पुढं खंड आहे. ते पेपरात आलं, टीव्हीवर आलं, मी स्वतः वाचलं आणि पान उलटलं.

आणि 29 मे ला रात्री व्हॉट्सॲपवर एक व्हॉइस मेसेज आला. एक हवामानवाले आहेत, नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही कारण असे आता प्रत्येक जिल्ह्यात दोनचार आहेत. आवाज आपल्यासारखा, भाषा आपली, मागं मोटरसायकलचा आवाज. "शेतकरी बांधवांनो, आता हा पाऊस थांबत नसतो, वापसा आला की पेरून घ्या, मागं राहाल तर पस्तावाल." वापसा म्हणजे माती पेरण्याजोगी होणं, ना चिखल ना कोरडी. मेसेज साधारण दोन मिनिटांचा असेल. मी तो दोनदा ऐकला, बायकोला ऐकवला, आणि भावकीच्या ग्रुपवर, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर आणि आत्याकडच्या ग्रुपवर टाकला. वरून लिहिलं, ऐका, कामाचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आतेभावाचा फोन. चाकूरकडं राहतो, चार एकर कोरडवाहू. "पेरू का दादा?" मी दुकानाचं शटर उघडत होतो, मोबाईल खांद्यात धरलेला, म्हणलं टाक की, सगळे पेरायलेत. बास, एवढंच बोलणं.

मी दोन एकर पेरलं, त्यानं चार. मान्सून आला तसा अडकून पडला, जूनच्या मध्यापर्यंत पुढं सरकायचं नाव नाही. वर कडक ऊन. काळ्या रानाचा वरचा थर पापडासारखा झाला. ज्यांनी सोयाबीन पेरलंय त्यांना सांगायला नको, मोड वर यायला बघतो, ढेकूळ थोडं उचललेलं दिसतं, बोटानं बाजूला केलं की खाली मान मुरगळलेली. मी संध्याकाळी रानात बसून अशी ढेकळं उचलत होतो. किती उचलणार. जे वर आलं ते दोन पानांवर बसलं आणि पिवळं पडलं. माझी दोन्ही एकरं गेली, त्याची चारातली तीन. दुबार पेरणी. बियाणं परत, डीएपी खत परत, ट्रॅक्टरवाला परत, आणि ट्रॅक्टरवाला काही दुबारला सूट देत नसतो.

गंमत म्हणजे 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये हे आम्हाला सगळ्यांना पाठ आहे, आणि पाऊस तेवढा झालेला होता! नियम खराच होता, पण तो जूनमधल्या पावसाचा, मागून आणखी पाऊस येणार हे धरून केलेला. मे महिन्यातल्या पावसाला तो लावायचा नसतो हे सांगायला कुणीतरी शेजारी बसलेलं लागतं.

आमच्या गल्लीत एक तात्या होते. त्यांचं रान रस्त्याला लागून. तात्यांची तिफण जुंपली की गाव पेरायचं, असा हिशोब. तात्या काही शिकलेले नव्हते, मृगाचं वाहन बेडूक आहे का म्हैस हे पंचांगात बघायचे, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी भेंडवळची घटमांडणी पावसापाण्याचं काय म्हणली ते पेपरातून मोठ्यानं वाचून घ्यायचे, म्हणजे पूर्वी सगळं शास्त्रशुद्ध होतं असलं काही मी म्हणत नाहीये. पण पेरायच्या आधी तात्या रानात जाऊन मूठभर माती दाबून बघायचे, गोळा फुटतो का चिकटतो, आणि मग सुद्धा आठ दिवस कुरकुर करायचे.

2015 ला तात्या चुकले. त्याच दुष्काळात पुढं एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते वर्ष. तात्यांनी पेरलं म्हणून अर्ध्या गावानं पेरलं आणि सगळ्यांचंच वाळलं. तेव्हा मी तात्यांना पारावर बसलेलं बघितलंय. कुणी काही बोलत नव्हतं, त्यांनीच विषय काढला, "चुकलं बाबांनो." कुणी शिवी दिली नाही. कशी देणार, जाता येता रस्त्यावरून त्यांचं स्वतःचं रान दिसत होतं की, आपल्यापेक्षा जास्त करपलेलं. आणि पुढच्या वर्षी परत लोकांनी तात्यांकडंच बघितलं, फक्त यावेळी दोघाचौघांनी विचारलं, तात्या नक्की ना? म्हणजे विश्वास होता पण त्याला 2015 ची गाठ मारलेली होती.

आता माझ्या त्या व्हॉइसवाल्याचं रान कुठं आहे मला माहीत नाही. त्यानं स्वतः 30 मे ला पेरलं होतं का, हे विचारायची सोयच नाही. आधी ग्रुप होता, लोक शिव्या द्यायचे, उलट विचारायचे, आमच्याकडं तर थेंब नाही म्हणून फोटो टाकायचे. मग 2018 मध्ये व्हॉट्सॲपनं 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' ही सोय आणली. मग 2023 ला चॅनल आलं. चॅनलवर तुम्ही अंगठा दाखवू शकता, हात जोडू शकता, बोलू शकत नाही. लाखभर लोक एका माणसाचं ऐकतायत आणि शेजारी कोण बसलंय ते एकालाही दिसत नाही. पारावर निदान समोरच्याचं तोंड बघून कळायचं की यालाही पटलेलं नाही.

जूनच्या शेवटी मी तो मेसेज शोधायला गेलो. सरांना ऐकवायचा होता, आमचे एक जुने कृषी सहाय्यक आहेत त्यांना. मूळ ग्रुपवर त्या जागी मेसेज डिलीट केल्याची राखाडी ओळ. मी स्वतः फॉरवर्ड केलेला? भावकीच्या ग्रुपवर कुणीतरी सात दिवसांत गायब होणारे मेसेज चालू करून ठेवलेत, स्टोरेज भरतं म्हणून. दहावीच्या ग्रुपवर हजारो गुड मॉर्निंगच्या खाली कुठंतरी पुरलेला, ऑडिओवर टॅप केलं तर म्हणे फाईल सापडत नाही, कारण मधे मोबाईल बदलला. आणि त्याच माणसाच्या चॅनलवर त्या आठवड्यात थंबनेल काय, तर लाल अक्षरात, "अंदाज तंतोतंत खरा ठरला". कुठला अंदाज, माहीत नाही. खरा ठरलेला एक कुठंतरी असेलच.

2017 ला बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याचा अंदाज चुकला म्हणून पोलिसात तक्रार दिली होती. तेव्हा आम्ही हसलो होतो. आता वाटतं, खात्याची हीच तर चांगली बाजू आहे, त्याच्याविरुद्ध तक्रार देता येते. त्याचा अंदाज तारखेसकट कागदावर असतो. डिलीट झालेल्या आवाजावर तक्रार कुणाच्या नावानं लिहिणार?

पण खात्याबद्दलही बोलतो, कारण दोष एकाच बाजूला टाकला तर खोटं होईल. "तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस." हे वाचून शेतकऱ्यानं काय करायचं, तुम्हीच सांगा. त्या सरांनीच मला समजावलं की तुरळक म्हणजे त्या भागातल्या केंद्रांपैकी चौथा हिस्सा किंवा त्याहून कमी, काही ठिकाणी म्हणजे निम्म्यापर्यंत, अनेक ठिकाणी म्हणजे पाऊणपर्यंत आणि बहुतांश म्हणजे त्याच्या वर. प्रत्येक शब्दामागं मोजमाप आहे! मी 42 वर्षांचा आहे आणि हे मला मागच्या वर्षी कळलं. आजवर मला वाटायचं तुरळक म्हणजे तुरळक, आपली पळवाट. परभणीच्या कृषी विद्यापीठाची हवामान पत्रिका दर मंगळवारी आणि शुक्रवारी येते, फवारणी कधी करा, काढलेलं पीक झाका, सगळं असतं, पण ती येते पीडीएफमध्ये आणि भाषा अशी की वाचता वाचता आभाळ भरून येऊन मोकळं होतं. त्यात 2024 च्या मार्चमध्ये देशातली 199 जिल्हा कृषी हवामान केंद्रं बंद केली, जी कृषी विज्ञान केंद्रांत होती, जिथं माणूस फोन करून विचारू शकत होता. आता जागा मोकळी सोडल्यावर कुणीतरी बसणारच ना.

पंजाबराव डख हे नाव मराठवाड्यात पोराटोरांना माहीत आहे. सेलू तालुक्यातलं गुगळी धामणगाव, तिथून सुरुवात करून गावोगावच्या मोबाईलमध्ये पोचलेला माणूस, आणि 2024 ला परभणीतून लोकसभेला उभे राहिले, वंचितकडून. माझी वरची गोष्ट त्यांची नाही, ती दुसऱ्याची. शास्त्रज्ञांनी त्यांच्यावर टीका केलीय, लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलंय, दोन्ही जगजाहीर आहे. मला त्यात एवढंच दिसतं की पाऊस सांगणारा माणूस मतं मागू शकतो इतका तो लोकांना जवळचा वाटतो, आणि पुण्या-मुंबईच्या वेधशाळेतल्या माणसाचं नाव आमच्या गावात एकालाही सांगता यायचं नाही.

आणि "भाग बदलत पाऊस" हा शब्द आता सगळ्याच हवामानवाल्यांच्या तोंडी आहे. काय शब्द आहे बघा. पडला तर सांगितलंच होतं, नाही पडला तर भाग बदलला.

दुबार पेरल्यावर मी रागारागात बापूंची जुनी खतावणी काढली. बापू त्यात उधारी लिहायचे आणि मागच्या पानांवर पाऊस. "मृग कोरडा." "आर्द्रा, रात्री एक बोट ओल." असं. बोटानं मोजायचे, माती उकरून. मी त्याच वहीत पुढं लिहायला लागलो, तारीख, कोण काय म्हणलं ते शब्दाला शब्द, आणि समोर काय झालं. एक यूट्यूबवाला आणि एक हवामान खातं, दोघांचं. तीन महिने लिहिलं. पहिल्या पंधरा दिवसांतच घोळ कळला. खात्याचं बरोबर का चूक ते लिहिता यायचं, बऱ्याचदा चूकही असायचं, ते लिहिलं. दुसऱ्याच्या वाक्यासमोर काय लिहावं तेच कळेना, कारण दहा दिवसांच्या खिडकीत अख्ख्या राज्यात पाऊस म्हणल्यावर ते चुकणार कसं? आणि सप्टेंबरात तर सगळ्यांचंच खरं झालं. इतका पडला की उभं सोयाबीन शेंगेतच उगवलं, मांजरा-तेरणाकाठची तर रानंच वाहून गेली. त्या पानावर मी काहीच लिहिलं नाही, तारीख टाकून सोडलंय.

हे सगळं दुसऱ्याबद्दल लिहिणं सोपं आहे. मी इतके दिवस लिहायचं टाळलं ते वेगळ्याच कारणानं.

पंचमीला आत्याकडं गेलो होतो. जेवण झालं, सुपारी कातरत आत्या सहज म्हणाली, "तू सांगितलंस म्हणून टाकलं बग त्यानं." रागानं नाही, मागच्या वर्षी लग्न झालं बग, तशा सुरात. आतेभाऊ खाली बघून पानाला चुना लावत होता. मी म्हणलं, मी कुठं सांगितलं, तो मेसेज त्या अमक्याचा होता. आणि म्हणताना मलाच कळलं की त्याला तो अमका माहीतच नाही. त्यानं हवामानवाल्याचं ऐकलंच नव्हतं. त्यानं दादाचं ऐकलं होतं. दादा लातूरला शिकलाय, दादाचं दुकान आहे, दादा चार पेपर वाचतो, दादानं वर लिहिलंय कामाचं आहे.

फॉरवर्डवर तो छोटा बाण असतो ना, तो कुठून आला ते आपण विसरलो. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पोरं पळवणारी टोळी म्हणून पाच भिक्षेकरी माणसं जमावानं ठेचून मारली. अशाच अफवांनी देशात इतरत्रही माणसं मेली आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं फॉरवर्डची खूण लावली, भारतात पाचाच्या वर पाठवायला बंदी घातली. बाण म्हणजे सावध राहा असं सांगायचं होतं. आम्ही त्याचा अर्थ लावला की माझी जबाबदारी नाही, मी फक्त पुढं पाठवलंय. माझ्या मेसेजवरही बाण होताच की. आतेभावाला तो दिसला नाही, त्याला माझं नाव दिसलं.

तात्या चुकल्यावर पारावर बसले होते. मी चुकल्यावर काय केलं, तर त्या ग्रुपवर दोन महिने काही टाकलं नाही. दुबार बियाण्याचे अर्धे पैसे देतो म्हणलं तर त्यानं घेतले नाहीत, "असू दे दादा, आभाळाचं कुणाच्या हातात असतंय" म्हणाला. ते ऐकून जास्त वाईट वाटलं.

आता परत मे संपत आलाय. कालच त्याचा फोन, "दादा, औंदा काय म्हणतंय?" तेच. अजून मलाच विचारायलाय! मी म्हणलं, मला ठाऊक नाही रे, सरांचा नंबर देतो, त्यांना विचार, आणि रानात जाऊन हातभर उकरून ओल कुठवर गेलीय ते बघून मला सांग. म्हणाला बरं. मग थोडा थांबून म्हणाला, "पण तू कधी पेरणार हायेस ते सांग."

काय सांगावं. सांगितलं, पेरायच्या आदल्या दिवशी तुला रानातून व्हिडिओ कॉल करतो, माती दाखवतो, तू तुझी दाखव.

एक काम आहे. 29 मे 2025 च्या रात्रीचा तो व्हॉइस मेसेज, अहमदपूर, चाकूर, उदगीर भागातल्या ग्रुपवर फिरलेला, मोटरसायकलचा आवाज आहे मागं, कुणाच्या मोबाईलमध्ये राहिला असेल तर इनबॉक्स करा. व्हायरल करायचा नाहीये. वहीत त्या तारखेला मी अंदाजानं लिहिलंय, नक्की शब्द काय होते ते पाहिजेत. खाली त्याच ओळीत माझं नाव लिहिलंय, फॉरवर्ड करणारा म्हणून.