गाडी त्यांच्याकडे, हप्ते माझ्याकडे

"पार्ट ऑर्डर केलाय, सर."

हे वाक्य पहिल्यांदा ज्याच्या डोक्यातून निघालं, त्याला कंपनीने घसघशीत बक्षीस दिलं असणार. कारण यावर काही बोलताच येत नाही. कुठून येतोय पार्ट? "कंपनीतून." कधी येईल? "ईटीए (पार्ट पोचायची अंदाजे तारीख) आला की कळवतो." ईटीए कधी येईल? यावर सर्व्हिस अॅडव्हायझर असा बघतो, जणू मीच काहीतरी अचरट विचारलं.

गाडी ऑटोमॅटिक, ड्युअल क्लचवाली. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये आधी पहिल्या-दुसऱ्या गिअरला हिसके द्यायला लागली, मग राजाराम पुलापाशी गिअरच पडेना. डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आणि मागे पीएमपीचा हॉर्न. या जातीच्या गिअरबॉक्सला रांगत्या ट्रॅफिकचं वावडं असतं, क्लच घसरून घसरून तापतो, हे ज्ञान मला वर्कशॉपमध्ये मिळालं. अहो, मग पुण्यात विकता कशाला? इथे रांगत्या ट्रॅफिकशिवाय दुसरं आहे काय?

असो. वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, त्यातली निम्मीही संपलेली नाही. म्हटलं, काळजी नाही.

काळजी तिथूनच सुरू होते. गाडी टो होऊन पोचली की दुरुस्तीच्या आधी एक चौकशी होते आणि त्यात आरोपी आपण असतो. बाहेरून काही फिटिंग केलंय का सर? फॉग लॅम्प? रिव्हर्स कॅमेरा? वायर कुठे कट केलीय का? शेवटची सर्व्हिस आमच्याकडेच ना? मग बॉनेट उघडून टॉर्च मारून उंदराचे दात शोधतात. हसू नका. उंदराने वायरिंग कुरतडलेलं निघालं की वॉरंटी बाद, इन्शुरन्सकडे जा. उंदीर सापडला नाही म्हणून त्या माणसाचा चेहरा खरोखर पडला होता.

उंदीर नाही, फॉग लॅम्प नाही, म्हणजे आता नाइलाज. क्लेम टाकायलाच लागणार. तर स्कॅनर लावून फॉल्ट कोड काढायचा, फोटो काढायचे, व्हिडिओ काढायचा, सगळं कंपनीच्या पोर्टलवर चढवायचं. कंपनी म्हणते, अजून एक व्हिडिओ पाठवा, गिअर टाकताना. गिअर पडत नाही हीच तर तक्रार आहे ना? मग टेक्निकल टीम, मग एरिया मॅनेजरचं अप्रूव्हल. एरिया मॅनेजर नाशिकला. मग सोलापूरला. मग रजेवर. अप्रूव्हल आलं की मग कुठे पार्टची ऑर्डर जाणार. म्हणजे "पार्ट ऑर्डर केलाय" असं मला सांगत होते, तेव्हा कुणी ऑर्डर केलेलाच नव्हता!

यात कुणाला घाई का नाही, हेही समजून घ्या. वॉरंटीच्या कामाची मजुरी डीलरला कंपनी देते आणि ती साधारणपणे तुमच्या-माझ्याकडून घेतात त्यापेक्षा कमी दराने. तीही नंतर, कागदपत्रं तपासून, काटछाट करून. त्याच बेवर, म्हणजे वर्कशॉपमध्ये गाडी कामाला लावायच्या जागेवर, पेड सर्व्हिसची गाडी लावली, की अंडरबॉडी कोटिंग, एसी डिसइन्फेक्शन, व्हील अलाइनमेंट असं काहीबाही चिकटवून संध्याकाळी रोख बिल. मग बे कुणाला मिळणार? माझी गाडी मागे पत्र्याच्या शेडखाली. त्यावर कबुतरं बसतात. आणि ती धुवायचे पैसे बहुतेक वॉरंटीत येत नसतील.

शोरूम बघा आणि वर्कशॉप बघा. विकायची जागा हमरस्त्यावर, काचेची, कॉफी मशीनवाली. डिलिव्हरीच्या दिवशी गाडीवर लाल सॅटिनचं कापड, हार, नारळ, केक, हातात पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली देऊन सगळ्या कुटुंबाचा फोटो. दुरुस्तीची जागा मात्र एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत, जिथे रिक्षावाला यायला तयार नाही आणि आलाच तर परतीचं भाडं मागतो. एक्स्टेंडेड वॉरंटी गळ्यात मारणारा सेल्सवाला तर आता माझा फोनच उचलत नाही.

दरम्यान बँकेला कुणी सांगितलेलं नाही की गाडी बंद आहे. हप्ता ५ तारखेला बरोबर कापला जातो. इन्शुरन्सचं वर्ष संपत चाललंय. रोड टॅक्स तर आरटीओने किमतीच्या १२ टक्के पुढच्या पंधरा वर्षांचा एकदम घेऊन ठेवलाय, रस्त्यावर नसलेल्या गाडीचा. आईला फिजिओथेरपीला न्यायला रोज अॅपवर कॅब शोधायची, तो "कॅश की ऑनलाइन" विचारून राइड कॅन्सल करणार. गणपतीला कोकणात एसटीने गेलो, मूर्ती मांडीवर घेऊन. बदली गाडी मागितली तर म्हणे, तशी पॉलिसी नाही.

सगळ्यात डोकं फिरतं ते याने: गाडी त्यांच्या शेडमध्ये पडून आहे आणि वॉरंटी संपत चालली आहे! तुम्ही अडकवून ठेवलेले महिने माझ्या तीन वर्षांतून वजा. "ते सिस्टिममध्ये विक्रीच्या तारखेपासून असतं, सर." कॅलिफोर्नियाच्या कायद्यात वस्तू दुरुस्तीला दिली की तेवढा काळ वॉरंटीचं घड्याळ थांबतं. आणि पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८,००० मैलांत गाडी एकूण ३० दिवसांहून जास्त वर्कशॉपमध्ये राहिली, तर कंपनीने ती परत घेण्यासाठी किंवा बदलून देण्यासाठी तुमची बाजू भक्कम होते. आपल्याकडे गाड्यांसाठी असा वेगळा कायदाच नाही.

आपल्याकडे आहे २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा. वाईट नाही. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, १० ते २० लाखांच्या गाडीला फी फक्त ४०० रुपये, वकील सक्तीचा नाही. निकाल ३ महिन्यांत द्यायचा प्रयत्न व्हावा, तांत्रिक तपासणी लागली तर ५, असं त्यात छापलेलंही आहे. छापलेलं आहे. प्रत्यक्षात तारखा कशा पडतात ते आयोगाच्या बाकावर बसलेल्या कुणालाही विचारा. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, ती त्यांनी कंपनीकडे पाठवली, कंपनीने डीलरकडे पाठवली, आणि डीलरने उत्तर दिलं: पार्ट ऑर्डर केलाय.

आणि मग परवा फोन. गोड आवाजात, "सर, आपल्या गाडीची सर्व्हिस नुकतीच पूर्ण झाली, अनुभव कसा होता? कृपया दहापैकी दहा द्या, नऊ दिले तरी आम्हाला धरतात." अहो बाई, गाडी अजून तुमच्याकडेच आहे! चौकशी केली तर कळलं, जॉब कार्ड, म्हणजे गाडी कामाला घेतल्याची त्यांची नोंद, फार दिवस उघडं दिसू नये म्हणून जुनं बंद करून आजच्या तारखेचं नवं काढलं. कागदोपत्री माझी गाडी एकदा दुरुस्त होऊन घरी आली आणि आज सकाळी पुन्हा बिघडून गेली. म्हणजे उद्या आयोगापुढे किती दिवस पडून होती हे सिद्ध करायचं तर पुरावाच साफ.

बंद केलेल्या जॉब कार्डची प्रत मी ई-मेलवर लेखी मागितली आहे. ती द्यायला एरिया मॅनेजरचं अप्रूव्हल लागतं म्हणे.