तुरुंगात मुलाखतीस (भेटीस) येणाऱ्या नातेवाइकांनी ध्यानात ठेवावे

आपलं माणूस तुरुंगात गेलं की घरचे पहिल्याच आठवड्यात एक घोडचूक करतात. दवाखान्यात आजाऱ्याला बघायला जावं तसे, हातात डबा घेऊन थेट तुरुंगाच्या दारात जाऊन उभे राहतात. असं करू नका. तिथे माया, ओढ, काळजी यांच्यासाठी वेगळी खिडकी नाही. खिडकी एकच आहे आणि ती कागद मागते.

हक्काचं म्हणाल तर तो तुम्हाला आहेच. घरच्यांना आणि वकिलाला भेटणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ सालीच फ्रान्सिस कोरॅली मुलीन प्रकरणात सांगून टाकलं. निकाल सुंदर आहे, घरी जरूर वाचा. खिडकीवर मात्र त्याचा उच्चार करू नका, कारण तिथे आधार कार्ड चालतं. मूळ प्रत मागतील तेव्हा झेरॉक्स पुढे करू नका आणि झेरॉक्स मागतील तेव्हा मूळ. दोन्ही न्या. झेरॉक्स चार-पाच काढा, पासपोर्ट आकाराचे फोटोही ठेवा. तुरुंगाजवळचं झेरॉक्सचं दुकान नेमकं त्याच दिवशी बंद असणार, हे गृहीत धरून घरून निघा.

पहिला प्रश्न: आपला माणूस आहे कुठे? महाराष्ट्रात नऊ मध्यवर्ती कारागृहं आहेत आणि जिल्हा कारागृहं वेगळी. कोर्टाने 'न्यायालयीन कोठडी' एवढं म्हटलं की गाडी कुठे वळेल ते गर्दी ठरवते. मुंबईचं आर्थर रोड कारागृह ८०४ जणांसाठी बांधलेलं, तिथे अनेकदा तीन हजारांच्या वर माणसं राहिलेली आहेत. म्हणून मुंबईतला माणूस तळोज्याला किंवा ठाण्याला सापडू शकतो. बाई असेल तर आधी भायखळ्याला विचारा. कोर्टातून नेणाऱ्या पोलीस पार्टीला त्याच वेळी नम्रपणे विचारून ठेवलंत तर पुढचे दोन-तीन दिवस वाचतील. नाही विचारलंत तरी बिघडत नाही, शहराचा भूगोल पक्का होतो.

दुसरा प्रश्न: तो आता कोण आहे? तुमच्यासाठी तो राजू. आधारवर राजेंद्र. एफआयआरमध्ये 'राजू ऊर्फ राजा' आणि आडनावात एक वेलांटी चुकलेली. तुरुंगाच्या नोंदीत कोर्टाच्या वॉरंटवरचं नाव चढतं, त्यामुळे यापुढे तो वेलांटी चुकलेला राजू आहे. वकिलाकडून वॉरंटवरचं नेमकं नाव, वडिलांचं नाव, गुन्हा क्रमांक आणि कलमं लिहून घ्या. पहिल्या भेटीतच बंदी क्रमांक (म्हणजे त्याचा कैदी म्हणून नंबर) आणि बराक विचारा आणि घरातल्या प्रत्येकाला पाठ करायला लावा. आजीलासुद्धा.

मग प्रश्न येतो तुम्ही कोण याचा. आत जाताना बंद्याकडून नातेवाइकांची नावं आणि फोन नंबर लिहून घेतले जातात. त्या क्षणी माणूस घाबरलेला असतो, त्याला बायकोचा नंबर आठवत नाही, शाळेतल्या मित्राचा आठवतो. यादीत नाव नसेल तर नातं सिद्ध करा. पत्नी असाल आणि आधारवर माहेरचं नाव असेल तर रेशन कार्ड, लग्नाचा दाखला, असेल तर नाव बदलल्याचं गॅझेट, सगळं न्या. दहा वर्षांचा संसार पुरावा म्हणून धरत नाहीत. मैत्रीण असाल, न लावलेल्या लग्नाच्या जोडीदार असाल, तर सहानुभूती बाळगा. खिडकीपलीकडच्या माणसाच्या रजिस्टरमध्ये 'नाते' हा रकाना अरुंद आहे.

आता वेळ. कच्च्या कैद्याची, म्हणजे खटला अजून निकाली न निघालेल्याची, मुलाखत साधारण आठवड्याला, पक्क्याची, म्हणजे शिक्षा झालेल्याची, त्याहून कमी. वार आणि तास प्रत्येक कारागृहाचे वेगळे. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बहुतेक ठिकाणी बंद, म्हणजे ज्या दिवशी तुम्हाला कामावरून रजा मागावी लागत नाही नेमक्या त्याच दिवशी. रोजंदारीवर असाल तर एका भेटीला एक दिवसाची मजुरी, प्रवास आणि वडापाव एवढा खर्च धरा. निदान मजुरी बुडाल्याचं दुःख भेटीच्या आनंदात विरून जातं, असं ज्यांची मजुरी कधी बुडाली नाही ते सांगतात.

रांग टाळायची असेल तर सरकारने ऑनलाइन ई-मुलाकात दिली आहे. ही खरोखर उपयोगी सोय आहे आणि म्हणूनच ती चालवताना सावध राहा. राज्य निवडा, कारागृह निवडा, बंद्याचं नाव आणि वडिलांचं नाव घाला, स्वतःची माहिती, नातं आणि ओळखपत्राचा क्रमांक भरा, ओटीपी टाका, मंजुरीची वाट पाहा. प्रत्यक्ष भेटीचीही नोंद करता येते आणि व्हिडीओवरच्या भेटीचीही. इथे तुम्हाला वेलांटी पुन्हा भेटेल. अर्ज नामंजूर झाला तर बहुतेक वेळा नावाचं स्पेलिंग नोंदीशी जुळलेलं नसतं. व्हिडीओची वेळ मिळाली तर दहा मिनिटं आधी जोडून बसा, मोबाइल चार्ज ठेवा आणि घरात सगळ्यांना एकाच बाजूला बसवा. पडद्यावर रिकामी खुर्ची दिसली तर घाबरू नका, माणूस बराकीतून येतोय. तो खुर्चीपर्यंत पोहोचतो तेव्हा वेळ संपत आलेली असते. पुढच्या आठवड्यात हाच कार्यक्रम.

प्रत्यक्ष गेलात तर मोबाइल आत नेता येत नाही. समोरच्या टपरीवर पैसे देऊन ठेवावा लागतो, तेव्हा जे काही विचारायचं ते फोनमध्ये लिहून नेऊ नका. झडती होते. नंबर पुकारला की धावायचं, कारण मोकळ्या इंटरकॉमकडे आधी पोहोचेल त्याला आवाज येणारा मिळतो. मोठ्या तुरुंगांत मध्ये काच आणि दोन्हीकडे रिसीव्हर, लहान ठिकाणी जाळी. जाळीवर दहा-बारा कुटुंबं एकाच वेळी ओरडत असतात, त्यामुळे तुमच्या भावाच्या जामिनाबरोबर शेजारच्याच्या म्हशीचं काय झालं तेही कळतं.

वेळ साधारण वीस मिनिटं. त्यातली पाच 'ऐकू येतंय का' यात जातात. म्हणून क्रम ठरवून जा. पुढची तारीख आणि वकील काय म्हणाला हे पहिलं. औषध-पाणी दुसरं. पैसे पोहोचले का हे तिसरं. घरच्या गोष्टी चौथ्या आणि रडणं शेवटी. आधी रडलात तर बाकीचं सगळं पुढच्या आठवड्यावर जातं. तब्येत विचारली की तो 'बरं आहे' म्हणेल. त्यावर विश्वास ठेवू नका, काचेतून हात, पाय, डोळे बघा. दुखणं दिसलं तर वकिलाकरवी कोर्टात अर्ज द्या. कोर्टाने विचारलेल्या तब्येतीला तुरुंगाच्या दवाखान्यात जास्त मान असतो.

वस्तू देण्याचा मोह आवरा. १८९४ च्या कारागृह कायद्याचं ३१वं कलम म्हणतं की कच्च्या कैद्याला बाहेरून अन्न, कपडे, अंथरूण, गरजेच्या वस्तू मिळू शकतात, तपासणी आणि नियमांच्या अधीन राहून. त्यातलं पहिलं अर्धं वाक्य वकिलांसाठी आहे, दुसरं तुमच्यासाठी. घरचा डबा हवा असेल तर कोर्टाचा आदेश आणा. खाकी रंगाचा कपडा नेऊ नका. गोळ्या नेल्या तर डॉक्टरची चिठ्ठी सोबत हवी आणि त्या तुरुंगाच्या डॉक्टरमार्फतच जातील. कुणी 'एवढी पुडी तेवढी दे आत' म्हणालं तर ४२वं कलम आठवा: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम वाचून हुरळू नका. पुडीत काय निघतं त्यावर दुसरे कायदे लागतात आणि मग तुमच्या मुलाखतीला कोण येणार ते ठरवावं लागेल.

काय धोकादायक आणि काय नाही, याचा अंदाज घरबसल्या बांधू नये. तळोजा कारागृहाने थोडं मार्गदर्शन करून ठेवलं आहे. २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात तिथे कोठडीत असलेल्या गौतम नवलखांचा चष्मा चोरीला गेला, घरच्यांनी पोस्टाने नवा पाठवला, तो परत आला. उच्च न्यायालयाला माणुसकीची आठवण करून द्यावी लागली. त्याच वर्षी, त्याच प्रकरणातल्या, कंपवाताने हात थरथरणाऱ्या स्टॅन स्वामींनी पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मागितला, तर उत्तर द्यायला तपास यंत्रणेने वीस दिवस मागून घेतले. जुलै २०२१ मध्ये ते कोठडीतच वारले. आणि नवलखांना वुडहाउसचं विनोदी पुस्तक सुरक्षेचं कारण सांगून नाकारलं गेलं, त्यावर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाला हसू आलं. तेव्हा पुस्तक पाठवायचंच असेल तर ज्यात विनोद नाही असं निवडा. मराठीत तुटवडा नाही.

पैसे मात्र पाठवा. साबण, टूथपेस्ट, बिस्किटं, सगळं कॅन्टीनमधून घ्यावं लागतं आणि आतल्या खात्यात पैसे नसतील तर माणूस दुसऱ्याचा मिंधा होतो. तुरुंगात मिंधेपण फार महाग पडतं. रोख हातात देता येत नाही. पोस्टाची मनीऑर्डर करा. दर वीस रुपयांना एक रुपया कमिशन, म्हणजे हजाराला पन्नास. जे सरकार चहाच्या टपरीवर दहा रुपये फुकट पोहोचवतं तेच इथे शेकडा पाच घेतं, पण तक्रार करू नका, पोस्टमनला दारापर्यंत यावं लागतं. पूर्ण नाव, बंदी क्रमांक, बराक, कारागृह, पिन कोड लिहा. कारागृहाने महिन्याची मर्यादा ठरवलेली असते, ती विचारून घ्या. रक्कम खात्यात चढायला वेळ लागतो, म्हणून सणाचे पैसे सणाच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन-तीन आठवडे आधी पाठवा. फॉर्मवर निरोपाचीही सोय असते. तीही सोडू नका. पैसे खर्च होतात, निरोप माणसं जपून ठेवतात.

पत्राला अजून तोड नाही. कार्ड पन्नास पैशांचं, अंतर्देशीय अडीच रुपयांचं, आणि त्यात वाचकही दोन मिळतात, कारण आधी अधिकारी वाचतो. म्हणून सुवाच्य लिहा; अक्षर लागलं नाही की पत्र बाजूला पडतं. प्रत्येक पत्रावर तारीख आणि अनुक्रमांक घाला, 'तुझं चौथं मिळालं, पाचवं नाही' असं उत्तर येऊ द्या, म्हणजे कुठलं गहाळ झालं ते कळतं. कोड्यात लिहू नका. 'मामाला ताप आहे' हे वाक्य मामाला खरोखर ताप असला तरी संशयास्पद आहे. पोच हवी असेल तर रजिस्टर पोस्ट शोधू नका, २०२५ मध्ये पोस्टाने ते स्पीड पोस्टात विलीन केलं.

उलट दिशेने, आतून बाहेर येणाऱ्या कागदाचीही काळजी असते. साठच्या दशकात मुंबईच्या तुरुंगातल्या प्रभाकर संझगिरी या स्थानबद्धाने अणूवर मराठीत पुस्तक लिहिलं आणि हस्तलिखित छापायला पत्नीकडे पाठवायची परवानगी मागितली. राज्य सरकारने नाकारली. उच्च न्यायालयात हरल्यावर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६५ मध्ये तिथेही हरलं. मराठीतल्या विज्ञानलेखनाची सरकारने इतकी गंभीर दखल पुन्हा क्वचितच घेतली असेल.

फोनचं सोपं आहे. तो आतून येतो, बाहेरून जात नाही. तुमचा नंबर आधी पडताळून घेतला जातो, म्हणून सिम कुणाच्या नावावर आहे ते बघून ठेवा. भाच्याच्या नावावरचं सिम वापरत असाल तर बदलून घ्या. फोन अनोळखी नंबरवरून येईल, मोबाइल लाल अक्षरांत 'स्पॅम' म्हणेल, तरी उचला. कर्ज हवंय का विचारणाऱ्या सगळ्यांचेही फोन यापुढे उचलावे लागतील. चुकलेल्या फोनला उलट फोन लावता येत नाही.

तारखेला कोर्टात भेट होते, असं जुनी माणसं सांगतील. व्हरांड्यात, पार्टीतल्या हवालदाराच्या मर्जीने, दोन मिनिटं, कधी काचेशिवाय. पण पार्टी मिळाली नाही की माणूस पडद्यावरच हजर होतो, तुम्ही सकाळपासून व्हरांड्यात. निदान वकिलाची गाठ पडते. पोरं असतील तर 'गळाभेट' कधी आहे ते विचारा. सोळा वर्षांखालच्या मुलांना शिक्षा झालेल्या आईबापांशी काच न ठेवता भेटवणारा हा उपक्रम राज्यातल्या तुरुंगांनी सुरू केला, आणि त्याची टिंगल आम्हाला करता येत नाही. फक्त शिक्षा झालेली असावी लागते. २०२२ च्या अखेरीस देशातल्या दर चार बंद्यांपैकी तीन कच्चे होते. त्यांच्या पोरांनी गुन्हा सिद्ध होईपर्यंत धीर धरावा.

हे सगळं अंगवळणी पडलं, खिडकीवरचा शिपाई तुम्हाला नावाने ओळखू लागला, की बदली होते. तुमची नव्हे, शिपायाचीही नव्हे, आतल्या तुमच्या माणसाची, दुसऱ्या तुरुंगात. कुणी कळवत नाही, मनीऑर्डर परत आल्यावर कळतं. नव्या ठिकाणी नंबरची पडताळणी पुन्हा, ओळख पुन्हा.

आणि जामीन झालाच, तर मिठाई आणण्याआधी घड्याळ बघा. आर्थर रोडच्या दाराबाहेर जामिनाच्या आदेशांसाठी पेटी होती. २०२१ मध्ये एका गाजलेल्या जामिनाच्या वेळी सगळ्या देशाला कळलं की संध्याकाळी साडेपाचनंतर पडलेला कागद म्हणजे आणखी एक रात्र. २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंगात पाठवावी, आणि जामीनदार न मिळाल्याने माणूस महिनाभर आतच राहिला तर अटी सैल करण्याचा विचार कोर्टाने स्वतःहून करावा. तरी वकिलाला फोन करून 'मेल गेला का' विचारा, मग तुरुंगात 'मेल आला का' विचारा. वकील परवडत नसेल तर १५१०० हा विधी सेवेचा क्रमांक मोफत आहे. दाराशी उभं राहायला जाताना पाणी, शाल आणि त्याच्यासाठी एक जोड चप्पल न्या. आदेशावरचं नाव मात्र आधी एकदा वाचून घ्या, वेलांटीसकट.